पाच दाखल्यांचा पंच

कोल्हापुरात तटस्थ माणूस मिळत नाही. मिळालाच तर तो आत्ताच एसटीतून उतरलेला असतो, आणि संध्याकाळपर्यंत त्यालाही कुणीतरी आपल्या बाजूचा करून टाकतं. पोराचं बारसं व्हायच्या आधी त्याची तालीम ठरलेली असते. बाहेरच्यांना तालीम म्हटलं की कुस्ती आठवते. इथं पेठेपेठेतल्या तालमींचे फुटबॉलचे संघ आहेत, आणि दोन तालमींची फायनल असली की जावई सासऱ्याच्या दारावरून मान फिरवून जातो. अशा गावात फायनलला शिट्टी कुणी मारायची हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी कुणाचं तरी डोकं फुटून सुटतो.

गेल्या वर्षी तो सुटलाही नाही. मोरगल्ली तालीम आणि खडीकोपरा तालीम यांची फायनल एकाहत्तराव्या मिनिटाला बंद पडली आणि पंच मैदानामागच्या पाण्याच्या टाकीवर चढून बसला. पोलिसांनी शिडी लावून त्याला उतरवला. खाली आल्या आल्या त्यानं आपलं पंचाचं ओळखपत्र फाडलं आणि तो तडक घरी गेला. मग पोलिसांनी स्पर्धा समितीला सांगून टाकलं, की यंदा पंचावरून एक चप्पल जरी मैदानात पडली तरी पुढच्या वर्षी परवानगी मागायला येऊ नका.

समितीचा सचिव कृष्णात याचं सायकलींचं दुकान होतं, आणि दुकानाच्या माडीवर समितीचं ऑफिस. माणूस डोक्यानं बरा होता, पण ते डोकं फक्त स्वतःची कॉलर वाचवायला वापरायचा. त्यानं दीप्ती कांबळेला बोलावून घेतलं.

"आपण पंच निवडला की आपल्याला शिव्या," तो म्हणाला. "कॉम्प्युटरनं निवडला तर लोक कुणाची गचांडी धरणार हायत? तू कॉम्प्युटरचं करतीस. कर की कायतरी."

दीप्ती शाहूपुरीतल्या एका ऑफिसात डेटाबेसचं काम करायची. दिवसभर क्वेरी लिहायच्या, म्हणजे कॉम्प्युटरला नेमके प्रश्न विचारून लाखभर नोंदींच्या ढिगातून हव्या त्या चार नोंदी काढून द्यायच्या, हा तिचा धंदा. कृष्णातला ती माहीत होती ती तिच्या वडिलांमुळं. नागसेन कांबळे हे शहर बसचे कंडक्टर आणि परीक्षा पास झालेले फुटबॉल पंच. बावीस वर्षं ते समितीच्या यादीवर होते. त्या बावीस वर्षांत त्यांनी शाळांच्या, साखळीतल्या, पावसात कुणी बघायला नसलेल्या शेकडो मॅची पंच म्हणून मारल्या, आणि अकरा फायनलना ते चौथा पंच म्हणून रेषेबाहेर उभे राहिले. चौथा पंच म्हणजे खेळाडू बदलताना नंबराची पाटी वर धरणारा माणूस. आतला पंच पडला तर त्यानं आत जायचं असतं, पण आतला पंच कधी पडत नाही, फार तर टाकीवर चढतो.

त्यांना फायनल का मिळाली नाही, याचं कारण कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. राजारामपुरीच्या मागच्या वसाहतीतला माणूस, त्याला पेठ नाही, तालीम नाही, म्हणजे बैठकीत त्याचं नाव उचलून धरायला कुणी नाही. एकदा एका बैठकीत कुणीतरी नाव घेतलं होतं. दुसऱ्यानं आडनाव विचारलं आणि मग विषय चहावर गेला. दीप्तीला ही गोष्ट आईकडून कळली होती आणि ती ती विसरली नव्हती. जूनमध्ये नागसेन पन्नाशी पूर्ण करणार होते, आणि पन्नाशीनंतर मैदानात शिट्टी मारता येत नाही. म्हणजे फायनल मिळायची तर ती एवढीच. दीप्तीनं कृष्णातचं फुकटचं काम घेतलं ते यासाठी.

अटी ठरवायला बैठक बसली. प्रत्येक तालमीनं आपली एक अट घुसडली आणि शेवटी पाच उरल्या. पंच परीक्षा पास पाहिजे. यंदाच्या तंदुरुस्तीच्या चाचणीत पास पाहिजे. वय पन्नाशीच्या आत पाहिजे. कुठल्याही तालमीशी आपला संबंध नाही असं प्रतिज्ञापत्र पाहिजे. पाचवी अट मोरगल्लीचा अध्यक्ष यशराज यानं घातली. हा यशराज गळ्यात साखळी आणि आवाजात लाऊडस्पीकर घेऊन फिरायचा.

"पोराटोरांच्या मॅची मारलेला नको आमाला," तो म्हणाला. "मोठ्या प्रसंगाला उभा राहिलेला पाहिजे. तसा दाखला आणू दे."

नागसेन कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. त्यांच्याकडं पहिल्या चार गोष्टी होत्या. तालीम नसल्यामुळं तर चौथी कुणाहीपेक्षा जास्त होती. पाचवी नव्हती, कारण पाटी धरून उभं राहणं हा मोठा प्रसंग धरत नाहीत. फायनल मारली नाही म्हणून फायनल मिळणार नाही, असा तो सरळ हिशेब होता आणि तो दीप्तीच्या मस्तकात गेला.

घरी आल्यावर ती म्हणाली, "पप्पा, पाचवी अट क्वेरीत घालायलाच इसरले असं म्हणते मी. चार अटींना तुमी बरोबर बसताय."

नागसेन बूट पुसत होते. "माझं नाव काढायला अट काढू नकोस. उद्या कुणीतरी म्हणणार, पोरीनं बापाला घुसडलं. मग बावीस वर्षं गेली पाण्यात."

"ती तशीबी गेल्यातच की."

"ती माझी मी घालवल्यात. तू त्यात हात घालू नकोस," ते म्हणाले आणि दुसरा बूट उचलला.

तर दीप्तीनं पाचही अटींचा फॉर्म केला. मोबाइलवर उघडणारा, सोपा. एका वेळी एक दाखला जोडायचा, तो पाचातला कुठला ते निवडायचं आणि पाठवायचं. पाच दाखले असतील तर फॉर्म पाच वेळा भरायचा. वर शीर्षक दिलं, 'पंच नोंदणी, कोल्हापूर जिल्हा'.

"फुटबॉल लिहू का?" तिनं कृष्णातला विचारलं.

"कोल्हापुरात पंच म्हटल्यावर दुसरं काय असतंय?" कृष्णात म्हणाला. "पाठव तसंच."

फॉर्म व्हॉट्सॲपवर गेला आणि चार दिवसांत जिल्हाभर फिरला. गुरुवारी दुपारी माडीवर समिती जमली. दोन्ही तालमींची माणसं आली, चहा आला, आणि सगळे दीप्तीच्या लॅपटॉपकडं टक लावून बसले.

"परीक्षा झालेले, तंदुरुस्त, वयात बसणारे, तटस्थ आणि अनुभव असलेले पंच दाखव," कृष्णात म्हणाला.

तिनं पाचातला कुठलाही दाखला ज्याच्याकडं आहे अशी नावं काढली. त्रेसष्ट निघाली. त्यात बाहत्तर वर्षांचे एक गृहस्थ होते, त्यांनी मोठ्या हौसेनं फक्त वयाचा दाखला पाठवला होता.

"हे आजोबा टाकीवर कसं चढणार?" खडीकोपऱ्याचा एकजण म्हणाला.

"एक असून चालत न्हाय ग बाई, सगळं पाहिजे," कृष्णात म्हणाला. "हे बी पाहिजे आणि ते बी."

दीप्तीनं पाचही अटी 'आणि' घालून एका ओळीत ओवल्या. उत्तर आलं, शून्य. दोन्हीकडची माणसं हसली आणि यशराजनं लॅपटॉपच्या कंपनीला शिवी दिली. चूक तिची तिला लगेच कळली. डेटाबेसात माणसाला एक ओळ नव्हती, दाखल्याला एक ओळ होती. तिनं असा कागद मागितला होता की जो एकाच वेळी वयाचा पण आहे आणि परीक्षेचा पण आहे. तसा कागद कुठल्या माणसाकडं असणार?

म्हणून मग तिनं वेगळी वाट धरली. प्रत्येक माणसाच्या नावाखाली त्याचे सगळे दाखले गोळा करायचे, ते मोजायचे, आणि ज्याचे पाच भरतील तो पास. तिनं तशी क्वेरी लिहिली. नागसेनचे चार भरणार हे तिला माहीत होतं, तरी तिनं एंटर दाबताना डोळे मिटले.

एक नाव आलं. केरबा नाईक, गडहिंग्लजजवळचं एक गाव.

"गडहिंग्लज म्हणजे फुटबॉलचंच गाव की," खडीकोपरावाले म्हणाले.

"आमच्यातला न्हाय, तुमच्यातला न्हाय. झकास," यशराज म्हणाला.

अकरा वर्षांत मोरगल्ली आणि खडीकोपरा यांचं पहिल्यांदाच एका माणसावर एकमत झालं होतं, आणि तो माणूस दोघांनीही पाहिला नव्हता. म्हणूनच झालं असणार. दीप्तीला मात्र रडू आवरत नव्हतं. ती खिडकीतून रस्त्यावरच्या रिक्षा मोजत बसली आणि केरबा नाईकची नोंद उघडून बघायचं तिच्या मनातही आलं नाही. कृष्णातनं तिथंच स्पीकरवर फोन लावला.

"पावणं, पंच म्हणून यायचं हाय. रविवारी चारला. मोठं प्रकरण हाय, दहा हजार माणूस असणार."

"दहा हजार? मारामारी व्हय?" पलीकडून आवाज आला.

"ती होऊ नये म्हणून तर तुमास्नी बोलावतोय."

"आधीच बोलावताय? बरं हाय. पोलीस असणार न्हवं?"

"चिक्कार."

"मग येतो की," केरबा म्हणाला. सगळ्यांना त्याचा आवाज फार धीराचा वाटला.

रविवारी सकाळी कृष्णातनं पंचाचं ओळखपत्र छापायला सांगितलं. फोटो लागणार म्हणून दीप्तीनं केरबाची नोंद उघडली. पाच ओळी होत्या. पाचही ओळींवर एकच प्रकार निवडलेला होता, 'मोठ्या प्रसंगी पंच म्हणून काम केल्याचा दाखला'. तिनं पहिला कागद उघडला. विहिरीवरची मोटार चोरीला गेल्याचा पंचनामा. दुसरा, उसाची ट्रॉली ओढ्यात कलंडल्याचा. तिसरा, गवताची गंज जळाल्याचा. चौथ्यात दोन भावांनी बांधावरून एकमेकांची डोकी फोडली होती आणि पाचव्यात एक म्हैस नाहीशी झाली होती. प्रत्येक कागदाच्या शेवटी 'समक्ष पंच' म्हणून वळणदार अक्षरात सही, केरबा नाईक. बिचाऱ्याला वाटलं असणार, पंचांची सरकारदरबारी नोंद व्हायला लागली. त्यानं आयुष्यातले पाच मोठे प्रसंग निवडून पाठवले होते.

आणि दीप्तीच्या क्वेरीनं पाच मोजले होते. पाच वेगवेगळे आहेत का, हे तिनं विचारलंच नव्हतं. एकच दाखला पाच वेळा दिला तरी पाचच भरतात. कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरालाही शिकवतात, की मोजताना वेगळे तेवढे मोज. तो एक शब्द ती विसरली होती. तिनं तो घातला आणि पुन्हा एंटर दाबलं. शून्य. सगळ्या अटी पूर्ण करणारा माणूस जिल्ह्यात एकही नव्हता, आणि गुरुवारीही नव्हता. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की चहा तसाच ठेवून ती दुकानाकडं पळाली.

कृष्णातनं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं माडीचं दार लावून घेतलं.

"हे तू मला सांगितलंस, आता दुसऱ्या कुणाला सांगू नको."

"अहो काका, तो फुटबॉलचा पंच न्हाय. त्यानं म्हशीचा पंचनामा केलाय."

"दोन्ही तालमींनी मान्य केलाय का न्हाय? केलाय. आता चार तास राहिल्यात. आता नाव बदललं तर दोघं मिळून आधी हे दुकान जाळतील, मग एकमेकांस्नी. खरं सांगू का, त्यांचा पंच कोण हाय ह्याच्याशी त्यास्नी काय बी देणंघेणं न्हाय. दुसऱ्याचा नसला म्हंजे झालं."

हे खरं होतं. पण केरबाला तरी खरं सांगायचं, एवढं ठरवून दीप्ती माडी उतरली.

केरबा तीन वाजता आला. अठ्ठावन्न वर्षांचा काटक माणूस, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि हातातल्या पिशवीत शाईचं पॅड. अंगठा उठवायला लागतो म्हणून त्यानं ते आणलं होतं. मैदानाच्या दारात उभं राहून त्यानं गर्दी बघितली.

"घटना झाली व्हय?"

"अजून न्हाय," कृष्णात म्हणाला.

"मग नियोजन झकास हाय तुमचं," केरबा म्हणाला.

दीप्ती पुढं झाली. "काका, तुम्हाला चुकून बोलावलंय. इथं फुटबॉलचा पंच पाहिजे होता. चूक माझी हाय, कॉम्प्युटरची न्हाय."

केरबानं तिच्याकडं बघितलं, मग कृष्णातच्या हातातल्या काळ्या जर्सीकडं बघितलं.

"मला काय करायला लागंल?"

"मध्ये पळायचं," कृष्णात म्हणाला. "बाजूला दोघं हायत. त्यांनी झेंडा वर केला की शिट्टी मारायची."

"म्हंजे बघायचं दुसऱ्यांनी आणि नाव माझं," केरबा म्हणाला. "मग रोजचंच की. आणा तो शर्ट इकडं."

रेषेबाहेर नागसेन पाटी घेऊन उभे होते, बाराव्या फायनलला. दीप्तीनं त्यांना गाठून सगळं सांगितलं. ते रागावतील असं तिला वाटलं होतं. ते केरबाच्या पायांकडं बघत होते.

"त्याला बूट दिल्यात का कुणी?" त्यांनी विचारलं. "चपलेनं घसरंल तो."

पहिली तेहतीस मिनिटं केरबा मैदानात चालत होता. पळायचं त्यानं मनावर घेतलं नव्हतं. झेंडा वर झाला की तो शिट्टी मारायचा, आणि ज्याचा चेंडू त्याच्याकडं हात करायचा, तोही झेंडेवाल्याकडं बघून. प्रेक्षकांना तो आवडला. हुज्जत घालायला कुणी आलं की तो एवढ्या शांतपणे ऐकून घ्यायचा की बोलणाराच अर्ध्यात दमायचा. "कसला थंड डोक्याचा पंच हाय," असं मोरगल्लीवाले म्हणाले आणि खडीकोपरावाल्यांनाही तेच वाटत होतं.

चौतिसाव्या मिनिटाला मोरगल्लीचा पुढचा खेळाडू खडीकोपऱ्याच्या गोलसमोर कोसळला. कुणी पाडला की स्वतः पडला, हे दहा हजार माणसांनी दहा हजार प्रकारे बघितलं. केरबानं झेंडेवाल्यांकडं बघितलं. दोघांनाही फायनलनंतर ह्याच गावात राहायचं होतं. एक बुटाची नाडी बांधत होता आणि दुसरा आभाळाकडं बघत होता.

क्षणात बाकीचे सगळे खेळाडू केरबाभोवती गोळा झाले. दोन्ही बाजूंचे प्रेक्षक उठून उभे राहिले आणि जाळीपाशी पोलीस सरसावले. आता पहिली चप्पल येणार, आणि ती आपल्या एका विसरलेल्या शब्दामुळं येणार, एवढंच दीप्तीच्या डोक्यात होतं.

केरबानं खिशातून पंचाची छोटी वही काढली, पेनाचं टोपण दातात धरलं आणि पडलेल्या खेळाडूपाशी उकिडवा बसला.

"नाव?"

खेळाडू कळवळायचा थांबला. "आं?"

"नाव सांगा. वय? राहणार कुठं? धंदा काय?"

पुढच्या रांगेतला एकजण फस्सकन हसला. मग ती रांग हसली आणि बघता बघता हसू मैदानभर पसरलं. कोल्हापूरकर शिव्या द्यायला उभा राहिला आणि त्याला हसू आलं की त्याच्या शिवीतला जोर जातो. पण यशराज हसला नाही. तो जाळीला लोंबकळून ओरडला, "पंच, पेनल्टी हाय का न्हाय ते बोला."

केरबा उठून उभा राहिला. "मी बघितलं न्हाय," तो म्हणाला.

असं कुठला पंच कधी म्हणाला नव्हता. इथले पंच न बघता निर्णय देतात, बघून निर्णय देत नाहीत, पण बघितलं नाही असं कबूल करत नाहीत. उभे राहिलेले लोक ऐकायला खाली बसले.

"न बघता सही करायला माझं काय जात न्हाय," केरबा सावकाश बोलत होता. "केल्यात मी, लय केल्यात. तिथं मी आणि फौजदार दोघंच असतोय. इथं दहा हजार साक्षीदार हायत, उद्या उलटतपासणीला कुठं तोंड लपवू?" मग तो वळला आणि रेषेकडं चालत गेला. "ह्या अण्णांनी बघितलंय. तुमी सगळी चेंडूकडं बघत होता. मी चेंडूकडं बघत न्हवतो, मला त्यातलं कळत न्हाय. मी माणसं बघत होतो. सबंध मैदानात हा एक माणूस पायाकडं बघत होता."

आणि त्यानं शिट्टी नागसेनच्या हातात दिली.

नियम होताच. आतला पंच उभा राहू शकत नसेल तर चौथ्यानं आत जायचं. बावीस वर्षांत तो कुणाला आठवला नव्हता, आज आठवण करून द्यायची गरज पडली नाही. नागसेननी पाटी दीप्तीकडं दिली. शिट्टी शर्टाला पुसली. मग ते आत गेले.

खेळाडूंचा घोळका त्यांच्यावर चालून आला. नागसेननी एक हात वर केला आणि रोज सकाळी आठच्या बसमध्ये लावतात तो आवाज लावला. "पुढं सरका. दारात गर्दी करू नका. पुढं जागा हाय, सरका पुढं."

सगळे सरकले. त्या बसनं शाळेला गेलेली पोरं होती ती, त्यांचे पाय डोक्याला विचारायला थांबले नाहीत.

"पेनल्टी न्हाय," नागसेन म्हणाले. "कुणाचा पाय लागला न्हाय, मुद्दाम पडलाय. उठ रे, लागलं न्हाय तुला." आणि पडलेल्याला पिवळं कार्ड दाखवलं.

यशराजनं तोंड उघडलं. त्याच्या शेजारी बसलेला मोरगल्लीचाच एक म्हातारा म्हणाला, "गप बस की. मला बी तसंच दिसलं." यशराजनं तोंड मिटलं. चप्पल आली नाही. दुसऱ्या सत्रात नागसेन पन्नाशीला टेकलेल्या पायांनी चेंडूच्या मागं मागं पळाले, खोकले, पुन्हा पळाले, आणि नव्वद मिनिटं पूर्ण झाली तेव्हा शिट्टी त्यांनी मारली. कोण जिंकलं ते मी सांगत नाही. सांगितलं तर निम्मं कोल्हापूर ही गोष्ट इथंच मिटून ठेवेल.

निघताना केरबानं दीप्तीला गाठलं आणि वहीचं एक पान फाडून दिलं.

"रिकाम्या हातानं जाणं बरं दिसत न्हाय, अक्का. पंच म्हणून बोलावलंत, तर एवढं करून जातो," तो म्हणाला आणि गडहिंग्लजची गाडी धरायला निघून गेला. जर्सी तशीच त्याच्या अंगात होती. ती कुणी परत मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीप्तीनं घरी लॅपटॉप उघडला. नागसेन कांबळे, दाखल्याचा प्रकार, मोठ्या प्रसंगी पंच म्हणून काम केल्याचा. खाली फॉर्मनं कागद मागितला. तिनं केरबाच्या पानाचा फोटो काढून जोडला. वळणदार अक्षरात लिहिलं होतं:

'समक्ष पंच केरबा नाईक, वय ५८, धंदा शेती. आज रोजी चौतिसाव्या मिनिटापासून शेवटपर्यंत नागसेन कांबळे यांनी पंच म्हणून काम पाहिले. कुणाची बाजू घेतली नाही. हे मी जागेवर हजर राहून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. कुणी सांगितले म्हणून सही केलेली नाही.'

खाली सही होती, आणि सहीशेजारी शाईत बुडवून उठवलेला अंगठा. सही येत असताना अंगठा कशाला, तर माणसाला खात्रीच करून द्यायची होती.

तिनं दुरुस्त केलेली क्वेरी चालवली. पाच दाखले, पाचही वेगळे. उत्तर आलं, एक नोंद.

"पप्पा, बघा," ती म्हणाली.

नागसेन कामावर निघाले होते, खाकी शर्टाची बटणं लावत मागं येऊन उभे राहिले. त्यांनी स्क्रीनवरचं आपलं नाव बघितलं. मग टेबलावरचं वहीचं पान उचललं आणि उभ्या उभ्या दोन वेळा वाचलं.

"जूनमध्ये हे नाव निघून जाणार," दीप्ती म्हणाली. "वयाची अट हाय. तवर दुसरी फायनल बी न्हाय."

"जाऊ दे की," नागसेन म्हणाले. त्यांनी पान नीट घडी करून तिकिटांच्या बॅगेत आतल्या कप्प्यात ठेवलं. "त्यानं बघितलंय."

आणि आठची बस चुकू नये म्हणून ते घाईनं पायऱ्या उतरले.